रंग वाळेपर्यंत

टेक्सारकानात माझं घर रस्त्याच्या पश्चिमेला.
समोर वॉनिताचं, पूर्वेला.
मधे रुंद डांबर, डांबरावर पिवळी रेघ,
आणि रेघेच्या दोन अंगांना दोन राज्यं
भांडलेल्या नवराबायकोसारखी
पाठीला पाठ लावून निजलेली.
चाळीस वर्षं आम्ही तिच्यावरून
वाटीभर साखर, तापलेली पोरं, गवत कापायचं यंत्र
ने-आण करत आलो. कुणी कागद मागितला नाही.

मग लायलला डॉक्टर व्हायचं झालं.

वॉनिताचा धाकटा. दिवसा टायरच्या दुकानात,
रात्री जाड पुस्तकांत;
पानांच्या कोपऱ्यांवर त्याच्या अंगठ्याचे काळे ठसे.
माझ्या ओट्यावर टोपी काढून उभा राहिला.
मिस व्हर्लीन, मागची खोली भाड्यानं देता?
तुमच्याकडे कॉलेजं पुष्कळ,
आणि दहातल्या नऊ जागा तुमच्याच पोरांना.
दहावीवर बाकीचा देश तुटून पडतो.
तुमचा व्हायला मला एक वर्ष लागेल.

मी हसले. अरे, तू जन्मलास तो दवाखाना
या बाजूचाच की. तुझी नाळ टेक्सासात पडली.
तो म्हणाला, नाळेचं बिल येत नाही, मिस व्हर्लीन.
विजेचं येतं.

खोलीला मी नुकताच रंग काढला होता,
लोण्यासारखा पिवळा.
हवा दमट, भिंतीला बोट लावलं की ठसा उठायचा.
म्हटलं, वाळू दे. बारा दिवसांनी ये.
तो बरं म्हणाला.
मोठ्यांना नाही म्हणायचं वॉनितानं त्याला शिकवलं नव्हतं.

आला तो दोन खोकी आणि एक दिवा घेऊन.
ट्रकची पाटी बदलली, परवाना बदलला,
मतदारयादीत नाव घातलं.
एक्केचाळीस डॉलरचं पहिलं वीजबिल
माझ्या फ्रिजवर चुंबकानं लावलं,
पोराची गुणपत्रिका लावावी तसं.
जेवायला मात्र रोज पलीकडे.
परतताना चांदीच्या कागदाखाली माझं ताट,
दोन्ही हातांत धरून, गाड्या थांबायची वाट बघत.
त्याच्या खिडकीतला दिवा मालवेपर्यंत
वॉनिताच्या ओसरीतला बल्ब जळायचा.
हे मला दिसायचं. त्याला दिसत नसावं.

अर्जाची मुदत आली तेव्हा
कचेरीतल्या बाईनं भाडेकरार पुढून पाहिला, मागून पाहिला,
भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडला.
बारा दिवस कमी, म्हणाली.
तिच्या आवाजात राग नव्हता, दयाही नव्हती;
वजनकाट्याला असतं तेवढंच काय ते होतं.
आर्कान्सामधून उत्तर आलं:
आता तुम्ही आमच्याकडचे राहिला नाहीत.

त्या रात्री मी करार काढला, निळं पेन काढलं.
तारखेतल्या एका आकड्याला शेपूट जोडलं की झालं असतं.
लायलनं कागदावर पंजा ठेवला.
नको. उद्या कुणाच्या औषधाचा आकडा
लिहायचाय मला ह्याच हातानं.
मी रंगाबद्दल काही बोलले नाही.
त्यानंही कधी काढलं नाही.
त्यानं काढायला हवं होतं, असं मला अजून वाटतं.

हे त्याचं दुसरं वर्ष.
भाडं मी निम्मं केलं, तो पूर्ण ठेवून जातो,
मी उरलेलं वॉनिताकडे पोचवते,
ती त्याची मांसाची पाकिटं आणते,
आणि ती रात्री माझ्याच ताटात येतात.

काल पलंग सरकवला झाडायला.
मागच्या भिंतीवर, जमिनीलगत,
पिवळ्यात रुतलेला चार बोटांचा ठसा सापडला.
पहिल्याच दिवशी येऊन, मला न सांगता,
कुणीतरी रंग वाळला का ते पाहून गेलं होतं.